वाचकांचे प्रश्न : हवा मोजणारी वजाबाकी

गेल्या अंकात अर्विदास क्लिओरे या शास्त्रज्ञाची ओळख दिली होती. १९३५ साली लिथुएनियात जन्म, अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकीचं शिक्षण आणि १९६२ पासून कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम. १९६५ च्या मरिनर-४ पासून शनीच्या कॅसिनी मोहिमेपर्यंत त्यांनी ग्रहांची वातावरणं मोजली, तीही यानाकडून येणाऱ्या रेडिओ संदेशावरून. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं. या लेखावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

यान ग्रहाच्या मागे गेलं की संदेश तुटतो, एवढंच ना? त्यातून हवेचा दाब कसा कळतो? (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

संदेश तुटतो, पण एकदम नाही. तुटण्याआधी मिनिटभर तो ग्रहाच्या हवेतून तिरका येत असतो, आणि सगळा ऐवज त्या मिनिटात असतो. पाण्यात घातलेली काठी वाकलेली दिसते तसा रेडिओ किरणही हवेत वाकतो. हवा जितकी दाट, तितका बाक जास्त. किरण वाकला की त्याची दिशा बदलते, दिशा बदलली की यानाच्या वेगाचा त्या दिशेतला हिस्सा बदलतो, आणि मग पृथ्वीवर पोचणारी वारंवारता किंचित सरकते. रेल्वेच्या भोंग्याचा सूर बदलतो ना, तोच हा डॉप्लर परिणाम. या तंत्राला रेडिओ पिधान म्हणतात.

किंचित म्हणजे किती, ते आकड्यांत पाहिलं तर या कामाची खरी कल्पना येते. मरिनर-४ मंगळाजवळ पोचलं १५ जुलै १९६५ रोजी, पृथ्वीपासून सुमारे २१ कोटी ६० लाख किलोमीटरवर. ट्रान्समीटर १० वॅटचा, तरंगलांबी साधारण १३ सेंटिमीटर. मंगळाच्या जमिनीला जवळजवळ घासून येणारा किरण तिथल्या हवेमुळे जेमतेम ०.०१ अंश वाकतो. इतक्या लांबच्या वाटेत त्याला हवेमुळे जास्तीचं पडलेलं अंतर दीड मीटरच्या आसपास आहे. वारंवारतेतला फरक एकेरी वाटेत काही हर्ट्झ, म्हणजे ४०-५० कोटी लहरींमागे एखादी लहर इकडेतिकडे.

त्यावरून उत्तर निघालं ते असं: जमिनीलगतचा दाब ४ ते ७ मिलिबार. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो १०१३ असतो. त्याआधी मंगळासाठी ८५ मिलिबारचा अंदाज धरला जात होता. १९६४ मध्ये वर्णपटावरून तो २५ च्या आसपास आला होता. एका मिनिटाच्या मोजणीने मंगळ जवळपास निर्वात ठरला. नुसत्या हवाई छत्रीने तिथे सुखरूप उतरता येणार नाही, शेवटी रॉकेट पेटवून वेग मारावा लागेल, हे पुढच्या सगळ्या मंगळ-उतरणींचं गणित या आकड्यापासून बदललं. आणि यासाठी यानावर एकही वेगळं उपकरण बसवलेलं नव्हतं. संपर्कासाठी असलेला रेडिओच वापरला.

२.३ गिगाहर्ट्झमध्ये पाच हर्ट्झ कसे पकडायचे? यानावरचा ऑसिलेटरच त्यापेक्षा जास्त सरकत असेल. (इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, ठाणे)

शंका रास्त आहे. साध्या स्फटिकाच्या ऑसिलेटरने (वारंवारता ठरवणाऱ्या मंडलाने) हे काम होत नाही. मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग दुहेरी फेरीचा. पृथ्वीवरून हायड्रोजन मेसर या अतिअचूक अणुघड्याळाच्या आधाराने अत्यंत स्थिर संदेश वर पाठवायचा. यानावरचा ट्रान्सपॉन्डर त्याला लॉक होतो, ठरलेल्या गुणोत्तराने वारंवारता बदलतो आणि परत पाठवतो. घड्याळ पृथ्वीवरचंच राहतं, म्हणून स्थिरता उत्तम. अडचण येते यान ग्रहामागून बाहेर पडताना. ट्रान्सपॉन्डरला वरचा संदेश पुन्हा सापडून लॉक लागेपर्यंत वेळ जातो, आणि बाहेर पडतानाचे खालच्या थरांचे मोलाचे सेकंद हातचे जातात. शिवाय किरण हवेतून दोनदा, दोन किंचित वेगळ्या वाटांनी जातो, त्यामुळे हिशेब अवघड होतो.

दुसरा मार्ग एकेरी. यानावरच अतिस्थिर ऑसिलेटर ठेवायचा: निवडून काढलेला क्वार्ट्झचा स्फटिक, तापमान काटेकोर राखणाऱ्या भट्टीत बंद. १० ते १०० सेकंदांच्या अवधीत त्याची अस्थिरता दहा लाख कोटीत एक भाग, म्हणजे १०⁻¹³ च्या घरात असते. ८.४ गिगाहर्ट्झला हा चढउतार एका हर्ट्झच्या हजाराव्या भागाइतका. असा ऑसिलेटर चालू केल्यावर लगेच वापरायचा नसतो. भट्टी आणि स्फटिक निवळायला बराच काळ द्यावा लागतो, म्हणून शक्यतो तो सतत चालू ठेवतात. कॅसिनीवरचा ऑसिलेटर २०११ च्या अखेरीस बंद पडला आणि नंतरची सगळी पिधानं दुहेरी फेरीवर करावी लागली.

रिसीव्हरबद्दलही सांगायला हवं, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. नेहमीचा रिसीव्हर संदेशाच्या मागे लॉक लावून धावतो. पिधानात संदेश क्षीण होतो, कधी एकाच वेळी दोन-तीन वाटांनी येतो, आणि लॉक नेमका हव्या त्या क्षणी सुटतो. म्हणून इथे ओपन-लूप रिसीव्हर वापरतात. अपेक्षित वारंवारतेभोवतीचा पट्टा जसाच्या तसा नोंदवून ठेवायचा आणि संदेश नंतर निवांत शोधायचा. मिळालेला कच्चा डेटा कधीही टाकू नये. पुढे चांगली पद्धत सापडली की तोच डेटा पुन्हा उघडता येतो.

वारंवारतेपासून तापमानापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने सांगाल का? कुठे चुका होतात तेही. (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, नागपूर)

आधी वजाबाकी. यानाचा वेग, पृथ्वीचं परिवलन आणि परिभ्रमण, सापेक्षतेचे परिणाम, पृथ्वीची स्वतःची हवा, हे सगळं मिळून अपेक्षित वारंवारता काढायची आणि नोंदलेल्या वारंवारतेतून वजा करायची. किरण ग्रहाच्या वातावरणाच्या बराच वर असताना हा फरक शून्यावर, सरळ रेषेत राहिला पाहिजे. तो कललेला असेल तर कक्षा चुकलेली आहे किंवा ऑसिलेटर सरकतो आहे. तो कल काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वरच्या विरळ थरातली लहानशी चूक खालपर्यंत झिरपते.

पृथ्वीच्या हवेला कमी लेखू नका. संदेश घेणारी तबकडी (अँटेना) सरळ वर रोखली तरी कोरड्या हवेचा विलंब सुमारे २.३ मीटर अंतराएवढा असतो, म्हणजे मंगळाच्या हवेपेक्षा जास्त. तबकडी क्षितिजाकडे झुकली की तो कित्येक पट वाढतो. कोरडा भाग दाबावरून काढता येतो. बाष्पाचा भाग लहान पण लहरी, ढगागणिक बदलणारा. म्हणून कॅसिनीच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्रात तबकडीशेजारी बाष्प मोजणारे रेडिओमीटर ठेवले होते.

उरलेल्या फरकावरून प्रत्येक क्षणी किरणाचा बाक आणि न वाकता सरळ गेला असता तर किरण ग्रहाच्या केंद्रापासून किती अंतरावरून गेला असता ते काढतात. मग आबेलचं रूपांतर. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर कल्पायचे. सर्वांत वरचा किरण फक्त वरच्या पाकळीतून गेला, त्यावरून तिचा अपवर्तनांक. पुढचा किरण दोन पाकळ्यांतून, त्यातून पहिलीचा वाटा वजा. असं खाली उतरत जायचं. अपवर्तनांकावरून रेणूंची घनता, वरच्या हवेचं वजन बेरजेने धरून दाब, आणि दाब-घनतेवरून तापमान.

बेरीज सुरू करायला सर्वांत वरच्या थराचं तापमान गृहीत धरावं लागतं, आणि ते कुणालाच माहीत नसतं. यावर चांगला उपाय असा: तीन वेगवेगळी तापमानं धरून तीनदा हिशेब करायचा. दोन-तीन मापन-उंच्या खाली आल्यावर तिन्ही रेषा एकत्र मिळतात. त्या जिथे मिळतात तिथून खालचं तापमान विश्वासाचं, वरचं नाही. (मापन-उंची म्हणजे जेवढं वर गेल्यावर दाब २.७ पटींनी घटतो ती उंची. मंगळावर ८ ते १० किलोमीटर.)

आता चुकांकडे. पाकळ्या गोल आहेत हे गृहीतक सर्वांत घातक. गुरू ध्रुवांपाशी इतका चपटा आहे की विषुववृत्ताची त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६६,८५४. तिथे ‘खाली’ ही दिशा केंद्राच्या दिशेपासून साडेतीन-चार अंशांपर्यंत ढळते. पायोनिअर-१० आणि ११ च्या (१९७३ आणि १९७४) पिधानांच्या पहिल्या हिशेबांत या चपटेपणाचा पुरता विचार झाला नव्हता आणि तापमान अवास्तव जास्त निघालं. अवरक्त मोजमापांशी ते मुळीच जुळेना. क्लिओरे आणि सहकाऱ्यांनी चूक शोधून तेच संदेश पुन्हा सोडवले. मग मेळ बसला. आज गुरूवर एक बार दाबाच्या पातळीला तापमान १६५ केल्विनच्या आसपास मानतात. चूक छापून येणं आणि ती स्वतःच दुरुस्त करून पुन्हा छापणं, या दुसऱ्या भागामुळे आम्हाला हे काम विशेष आदरणीय वाटतं.

दुसरी चूक आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातल्या विद्युतभारित थराची. मोकळे इलेक्ट्रॉन किरणाला उलट्या बाजूने वाकवतात, आणि तो परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हवेचा परिणाम मात्र सगळ्या वारंवारतांना सारखा. म्हणून यान एकाच ऑसिलेटरवरून एस-बँड (२.३ गिगाहर्ट्झच्या आसपास) आणि एक्स-बँड (८.४ च्या आसपास) असे दोन संदेश ३ : ११ या पक्क्या गुणोत्तरात सोडतं. दोन्हींतली तफावत म्हणजे इलेक्ट्रॉन, उरलेलं ते हवा. एकच वारंवारता असेल तर निव्वळ उंचीवरून वाटणी करावी लागते. मरिनर-४ मध्ये तसंच केलं. मंगळाचं आयनांबर १२० किलोमीटरच्या आसपास सर्वांत दाट, दर घनसेंटिमीटरला सुमारे एक लाख इलेक्ट्रॉन, आणि खालच्या हवेपासून ठळक वेगळं असल्याने निभावलं.

रेडिओला वायू ओळखता येतो का? नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सारखेच दिसणार. (वाचक, कोल्हापूर)

थेट ओळखता येत नाही, आणि ही मर्यादा स्पष्ट सांगायलाच हवी. एका घनतेला कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा सुमारे १.७ पट वाकवतो. पण समोर बाक आला तर तो जास्त नायट्रोजनचा की कमी कार्बन डायऑक्साइडचा, हे बाक सांगत नाही. तापमानही एकटं येत नाही. येतं ते तापमान आणि रेणूचं वजन यांचं गुणोत्तर.

म्हणून दुसऱ्या उपकरणाशी जोड द्यावी लागते. व्हॉयेजर-१ ने १२ नोव्हेंबर १९८० रोजी शनीच्या टायटन या चंद्रामागे पिधान घेतलं. अतिनील आणि अवरक्त उपकरणांनी मुख्य वायू नायट्रोजन असल्याचं दाखवलं, तेव्हा रेडिओच्या गुणोत्तराला अर्थ आला: जमिनीवर दाब १.५ बार, तापमान ९४ केल्विन. मंगळाच्या बाबतीत तर्क उलट दिशेने चालला. वर्णपटावरून एकट्या कार्बन डायऑक्साइडचा दाब किती ते माहीत होतं. एकूण दाब जवळपास तेवढाच निघाला, तेव्हा मंगळाची हवा म्हणजे मुख्यतः तोच वायू हे उमगलं.

एका बाबतीत मात्र रेडिओ वायूचा सुगावा देतो: शोषण. शुक्राच्या ढगांखाली संदेश बाकाच्या हिशेबापेक्षा जास्त क्षीण होतो. ते गंधकाम्लाच्या वाफेमुळे, हे प्रयोगशाळेत ती वाफ तापवून, तिच्यातून लहरी पाठवून पक्कं करावं लागलं. आकाशातल्या मोजणीला जमिनीवरच्या भट्टीची साथ लागते ती अशी.

शुक्राची जमीन या पद्धतीने का मोजता आली नाही? (निवृत्त शिक्षक, मडगाव)

शुक्राची हवा इतकी दाट आहे की सुमारे ३५ किलोमीटरच्या खाली किरणाचा बाक ग्रहाच्या स्वतःच्या गोलाईपेक्षा जास्त होतो. किरण आत वळतो तो बाहेर येतच नाही. तरीही शुक्राच्या जमिनीचा वाद मिटवण्यात याच पद्धतीचा मोठा वाटा आहे. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी सोव्हिएत व्हेनेरा-४ हवाई छत्रीने उतरत गेलं, सुमारे २० वातावरणांच्या दाबापर्यंत संदेश आले आणि थांबले. ते जमिनीवर पोचलं असं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी मरिनर-५ शुक्रामागून गेलं. पिधानातून मिळालेला दाब केंद्रापासूनच्या अंतरावर बसवलेला असतो. रडारने शुक्राची त्रिज्या सुमारे ६,०५३ किलोमीटर अशी वेगळी मोजली होती. दोन्ही जोडल्यावर दिसलं की व्हेनेरा-४ थांबलं तेव्हा जमीन अजून वीस-पंचवीस किलोमीटर खाली होती. जमिनीवर दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त आहे, हे नंतर उतरलेल्या यानांनी दाखवलं.

असं काम करायचं तर काय शिकावं? भारतात संधी आहे का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड)

या विषयाचं दार भौतिकशास्त्राइतकंच विद्युत अभियांत्रिकीतूनही उघडतं. क्लिओरे अभियंते. स्टॅनफर्डमध्ये ही शाखा उभी करणारे व्हॉन एशलमन आणि लेन टायलर हेही विद्युत अभियांत्रिकी विभागातले. तुम्ही बी.एस्सी. करत असाल तर विद्युतचुंबकशास्त्र आणि उष्मागतिकी मन लावून करा. संकेत-प्रक्रिया (फूरिए रूपांतर, फिल्टर, फेज-लॉक) स्वतंत्रपणे शिका, कारण बी.एस्सी.त ती पुरेशी नसते. कक्षांचं गणित आणि पायथॉन हवंच. आबेलचं रूपांतर स्वतः लिहून, बनावट वातावरणावर चालवून, तेच वातावरण परत मिळतं का ते पाहा. पंधरवड्याचं काम आहे, पण त्यातून जे समजतं ते वाचून समजत नाही.

भारतात हे काम चालू आहे. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रातली अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा, म्हणजे एसपीएल, या विषयात मुरलेली आहे. चांद्रयान-२ च्या भ्रमणयानावर एस आणि एक्स अशा दोन वारंवारतांचा रेडिओ प्रयोग आहे, चंद्राभोवतीच्या अतिविरळ आयनांबरासाठी. जपानच्या आकात्सुकी यानाचे शुक्रामागून आलेले संदेश जपानच्या उसुदाबरोबरच बंगळूरजवळच्या ब्यालालूच्या ३२ मीटर तबकडीनेही टिपले. मंगळयानाचा संदेश सूर्याजवळून आला तेव्हा त्यावरून सौर प्रभामंडळाचा अभ्यास झाला. पीएच.डी.साठी एसपीएल, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल) आणि तिरुअनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था (आयआयएसटी) इथे चौकशी करा. जेस्ट किंवा गेट या प्रवेशपरीक्षांची तयारी ठेवा. पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, तिथे अर्ज जरूर करा.

एक गोष्ट आधीच जाणून घ्या: इथे वाट पाहणं फार आहे. न्यू होरायझन्स हे यान जानेवारी २००६ मध्ये निघालं आणि प्लूटोमागे गेलं १४ जुलै २०१५ रोजी. साडेनऊ वर्षांनी घटकाभराचं काम. तिथे तर पद्धत उलटी केली होती: पृथ्वीवरच्या मोठ्या तबकड्यांनी कित्येक किलोवॅटचा संदेश वर सोडला, आणि बाक यानावरच्या रिसीव्हरने नोंदवला. यानाच्या दुबळ्या ट्रान्समीटरपेक्षा असा संदेश कितीतरी ठळक. पण पृथ्वीहून निघालेली लहर तिथे पोचायला जवळजवळ साडेचार तास, म्हणजे सगळं आधी मोजून सोडायचं. चुकलं तर दुरुस्ती नाही. प्लूटोचा दाब निघाला ११ मायक्रोबारच्या आसपास, आपल्या हवेच्या लाखाव्या भागाइतका.

आणि कधी कधी सगळं तयार असून एक आज्ञा राहून जाते. १४ जानेवारी २००५ रोजी कॅसिनीने सोबत नेलेलं हायगेन्स यान टायटनवर उतरत होतं. वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी त्यावर आणि कॅसिनीवर रुबिडियमचे ऑसिलेटर होते. पण कॅसिनीवरचा त्या ऑसिलेटरशी जोडलेला रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच क्रमात नव्हती. एका वाहिनीचा सगळा डेटा गेला. प्रयोग वाचला तो पृथ्वीवरच्या ग्रीन बँक आणि पार्क्सच्या दुर्बिणींमुळे. त्या हायगेन्सचा क्षीण संदेश थेट ऐकत होत्या, आणि त्याच्या डॉप्लरवरून टायटनचे वारे काढता आले. तेव्हा यादी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची सवय विद्यार्थीदशेतच लावून घ्या.

खोडदच्या जीएमआरटीने असं काम केलं आहे का? (वाचक, नारायणगाव)

नेमकं पिधान नाही, पण जवळचं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरताना त्याची ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची वाहक लहर जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने थेट टिपली. संदेशातला मजकूर वाचता येत नव्हता. लहर आहे की नाही आणि तिची वारंवारता कशी सरकते, एवढंच. उतरणीच्या शेवटी ती तुटली, यान आपटलं होतं. ग्रहयानांचे नेहमीचे एस आणि एक्स बँड जीएमआरटीच्या पट्ट्याबाहेर आहेत, त्यामुळे पिधानासाठी ती सोयीची नाही.

घरी काही करून पाहता येईल का? (दहावीचा विद्यार्थी, चिपळूण)

पिधान नाही, पण त्यातली वजाबाकी येईल. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप आणि दोन तारांचा डायपोल घ्या, प्रत्येक तार सुमारे १६-१७ सेंटिमीटर. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हौशी उपग्रहांचे बीकन (ओळखीचे संदेश) ऐकू येतात. उपग्रह डोक्यावरून जाताना वारंवारता आधी मूळ आकड्याच्या सुमारे १० किलोहर्ट्झ वर असते, ती घसरत १० किलोहर्ट्झ खाली जाते. दर १० सेकंदांनी ती वाचून वहीत मांडा. उपग्रहाच्या कक्षेवरून अपेक्षित वारंवारता पायथॉनच्या स्कायफील्ड संचाने काढा आणि वजा करा.

उरलेला आलेख सपाट पण शून्यापासून दूर असेल तर डोंगलच्या स्फटिकाची चूक आहे. दहा लाखात एक भाग चुकला तरी इथे ४३७ हर्ट्झ होतात. आलेख एका बाजूला कलत असेल तर डोंगल तापतो आहे, अर्धा तास आधी चालू करून ठेवा. आणि मधोमध, उपग्रह सर्वांत जवळ असताना, एकच उंचवटा किंवा खळगा दिसला, तर लॅपटॉपचं घड्याळ एखाद-दोन सेकंद मागेपुढे आहे किंवा कक्षेची माहिती जुनी आहे. घड्याळ इंटरनेटवरून जुळवा, कक्षेचे आकडे त्याच दिवशीचे घ्या आणि पुढच्या फेरीला पुन्हा मोजा.